एकशे बारा नंबरचा रिकामा कप्पा

माझे आजोबा घाटकोपर स्टेशनवर तिकीट खिडकीच्या आत बसायचे. गल्ल्यात एखादं वेगळं नाणं आलं, की खिशातलं तेवढ्याच किमतीचं दुसरं त्यात टाकायचं आणि ते उचलायचं. रेल्वेच्या हिशेबात काहीच फरक पडत नसे. आजोबांना मात्र पडायचा.

मुलुंडच्या घरी आल्यावर नाणं फाइलच्या कप्प्यात जाई आणि वहीत नोंद होई: कुठे मिळालं, कधी, कुणामुळे. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, एका मित्राने दिलेली झिजलेली शिवराई. कमळाचे पिवळे वीस पैसेही होते, १९६८ ते १९७१ या काळातले. त्यात सोनं आहे अशी वावडी उठली होती म्हणे, म्हणून लोकांनी ते दाबून ठेवले. सोनं अर्थातच नव्हतं. ही गोष्ट सांगताना आजोबा दर वेळी तेवढेच हसायचे.

खरं सोनं त्या फाइलमध्ये एकदाच आलं. नोंद क्रमांक ११२: ‘सोन्याचं नाणं, ५ ग्रॅम. नातीच्या दहावीला. २०१६.’ सरकारने २०१५च्या नोव्हेंबरात आणलेलं हे नाणं. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, चोवीस कॅरेट.

आजोबांचे एक संग्राहक मित्र ते बघून वैतागले. म्हणाले, “अहो, हे नाणं नव्हे, गोल बिस्किट आहे!”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्या नाण्यावर रुपयांत किंमत नाही. ते चलन नाही, त्यावर साधा वडापाव मिळणार नाही. नाणं म्हणजे जे बाजारात फिरलं, चार हातांनी झिजलं. हे तर प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेरही आलं नव्हतं. उद्या कुणी सोन्याची वळी फाइलमध्ये लावली, तर तीही संग्रहात धरायची का?

पण हा नियम मागे नेला की डळमळतो. आजीच्या माळेत पुतळ्या होत्या. पुतळी हे मुळात व्हेनिसचं नाणं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळपास शुद्ध सोन्याचं. शतकानुशतकं त्याचा कस बदलला नाही, म्हणून व्यापाऱ्यांनी ते डोळे झाकून घेतलं. आपल्याकडे त्यावरच्या माणसांच्या आकृत्या बघून लोकांनी त्याला पुतळी म्हटलं आणि दोऱ्यात ओवलं. पुढे आपले सोनारच तशा पुतळ्या घडवू लागले. व्हेनिसवर सत्ता कुणाची, हे कुणी विचारलं नसेल. सगळ्यांनी वजन आणि कसच पाहिला. तरी आज जुनी अस्सल पुतळी मिळाली, तर आजोबांचे तेच मित्र ती हातात घेताना श्वास रोखतील.

छत्रपती शिवाजी महाराजांचा होन घ्या. १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं ते सोन्याचं नाणं आज अगदी दुर्मीळ आहे. तांब्याच्या शिवराया मात्र भरपूर उरल्या. सोन्याच्या नाण्याला मूस कायम बोलावत असते. कुणीतरी, कधीतरी, वजनाचा मोह टाळला म्हणून ते उरतं.

म्हणून मला वाटायचं, कसोटी शुद्धतेची नाही, फिरण्याचीही नाही. प्रश्न एवढाच: याच्या जागी दुसरं चालेल का? चालत असेल तर ती बचत. चालत नसेल तर तो संग्रह.

ही कसोटी मला फार हुशारीची वाटत होती. मग ती माझ्यावरच उलटली.

आजोबा २०१९ला गेले. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये बाबांचा पगार थांबला. पावसाळ्यात आई आणि मी फाइल घेऊन सोनाराकडे गेलो. त्याने पानं भराभर उलटली, ११२वर थांबला, नाणं काढलं, तोललं आणि फाइल आमच्याकडे सरकवली. मला रडू आलं. आई म्हणाली, “अगं, पुढे असंच दुसरं घेऊ.”

गेल्या वर्षी मी घेतलं. आता अंधेरीला नोकरी आहे, पगार बरा आहे. तेच वजन, तेच अशोकचक्र, तेच गांधीजी. घरी येऊन कप्प्यात सरकवलं आणि पाच मिनिटांत काढलं. ते तिथलं नव्हतं.

म्हणजे गेलेलं नाणं संग्रहातलंच होतं. मग आम्ही ते विकायला नको होतं का? मला तसं म्हणवत नाही. त्या पैशांत दोन महिने घर चाललं. आणि आजोबा काही भोळे नव्हते. नातीला शिवराई न देता सोनं देणाऱ्या माणसाला अडीअडचण ठाऊक असते. आजीच्या माळेतल्याही दोन पुतळ्या कधीतरी अशाच गेल्या होत्या, असं आईकडून कळलं. वस्तू अमूल्य आहे म्हणून ती न विकण्याची चैन प्रत्येक घराला परवडत नाही. आणि जे विकावं लागलं ते प्रेमाचं नव्हतं, असंही नाही. तिकीट खिडकीवर नाण्यामागे नाणं टाकणाऱ्या आजोबांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळत होत्या. मला उशिरा कळल्या.

आता कुणी विचारलं, की असं चोख सोन्याचं नाणं संग्रहात ठेवावं का, तर मी म्हणते, ठेवा. पण आधी वहीत लिहा, ते कुणी, कशासाठी दिलं. लिहिण्यासारखं काही नसेल, तर लॉकर आहेच.

माझं नवं नाणं कपाटात एफडीच्या पावत्यांजवळ आहे. एकशे बारावा कप्पा रिकामा आहे. आजोबांच्या नोंदीखाली माझ्या अक्षरात एक ओळ आहे: ‘विकलं, २०२०, घरखर्चासाठी.’