दिसलं ते आणि वाटलं ते

आमच्या परभणी जिल्ह्यात माणूस गेला की बरेच जण अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडतात. मागे काही अडकून राहू नये, जीव मोकळा व्हावा, ही श्रद्धा. माझ्या वडिलांच्या अस्थी मीही तिथेच सोडल्या. म्हणूनच इनामगावच्या उत्खननाची हकीकत मला आतून हलवून गेली.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे गाव खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची तिथली शेतकरी माणसं. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ते ठेवायचे आणि राहत्या घराच्या भुईखाली पुरायचे. मोठ्या माणसांच्या दफनांत बहुतेक वेळा घोट्याखालचे पाय तोडलेले. आपण सोडून देतो. त्यांनी जवळ ठेवलं.

मग ज्या आईबापांनी लेकरू घरातच ठेवलं, त्यांना न विचारता ते उकरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मला वाटतं, तो अधिकार नोंदीतून मिळवावा लागतो. विद्यार्थी असताना गोदाकाठच्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर, उत्खननाची नोंदवही माझ्याकडे होती. माळवदावर टाकायला गावाने पिढ्यान्‌पिढ्या तिथली माती नेलेली. थापीने हळूहळू खरवडायचं, मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा. ओळंबा सोडून खोली मोजायची, उत्तर दिशा दाखवायची, मग फोटो. पांढर संपून काळी लागली तिथे एक मणी निघाला. तो काळ्या थराचा, असं लगेच लिहायचं नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची वस्तू खाली जाते. ब्रशने साफ केल्यावर भेगेत भरलेली पांढरी माती दिसली. आधी ती भेग कागदावर काढली, मगच मणी उचलला. कारण थर एकदाच खणता येतो. दुसऱ्यांदा पाहायला तो उरत नाही.

इनामगावच्या पायांनाही हाच नियम लावावा. पाय तोडलेले आहेत, हे दिसलं. मेलेल्याने भूत होऊन भटकू नये म्हणून तोडले, हे अभ्यासकांना वाटलं. ते खरंही असेल. पण भीतीऐवजी माया असेल, आपलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणूनही असेल. हाडं तेवढं सांगत नाहीत. अशा वेळी दिसलं ते एका रकान्यात आणि वाटलं ते दुसऱ्यात लिहिणं, हाच परक्याच्या श्रद्धेचा मान आहे. आपली श्रद्धा त्यांच्या तोंडी घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गुप्तधनासाठी रात्री पांढर उकरणाऱ्यांवर आपण चिडतो, ते बरोबरच आहे. पण नोंद न ठेवता खणणारा विद्वानही मातीखालच्या माणसांचं तेवढंच नुकसान करतो.