खोलीतली प्रार्थना आणि पाळकाची खुर्ची

१९०७ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, वाल्पराइसो बंदरात, विलिस हूवर या मेथडिस्ट पाळकाच्या घरी टपालाने एक छोटी पुस्तिका आली. लेखिकेचं नाव मिनी अॅब्रम्स. हूवर यांच्या पत्नीची आणि तिची ओळख शिकागोतल्या मिशनरी प्रशिक्षण शाळेपासूनची. पुस्तिकेत हकीकत होती ती पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुलींची: दुष्काळातून उचलून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या आणि मग खेडोपाडी सुवार्ता सांगत हिंडू लागल्या. ती वाचून हूवर दांपत्य अस्वस्थ झालं. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत तशीच लाट उसळली, १९१० मध्ये ते मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडले. आज चिलीत जे लाखो पेन्टेकॉस्टल ख्रिस्ती आहेत, त्यांच्या वंशावळीत केडगावचं नाव अगदी वरच्या फांदीवर आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. टाळ्या वाजवून गाणारे, हात उंचावून मोठ्याने प्रार्थना करणारे, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणारे ख्रिस्ती दिसले की ‘हे अमेरिकेतून आलेलं नवं खूळ’ असं आपण म्हणतो. जुन्या मराठी चर्चमधली माणसंही असंच म्हणतात. मुंबईतल्या या पेन्टेकॉस्टल मंडळ्या कशा वाढल्या आणि त्यांची बांधणी कशी झाली, हे समजून घ्यायचं तर हा समज आधी बाजूला ठेवायला हवा.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडलं ते मुंबईत, चौपाटीजवळ. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला गेलं. मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये वादळ उठलं आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मग मध्य प्रांतातला १८९६-९७चा दुष्काळ, पुण्यातला प्लेग, आणि त्यातून उभं राहिलेलं केडगावचं मुक्ती सदन. मिनी अॅब्रम्स मेथडिस्ट डीकनेस म्हणून १८८७ मध्ये मुंबईत आल्या होत्या. १८९८ मध्ये त्या रमाबाईंच्या कामात सामील झाल्या.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी माणसं मागितली. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस जे पेटलं त्याला मुक्तीत ‘जागृती’ म्हणतात. वेल्समधल्या १९०४ च्या जागृतीच्या आणि खासी टेकड्यांतल्या बातम्या इथवर पोचल्या होत्या, हे खरं. पण पेन्टेकॉस्टल चळवळीचा उगम जिच्यात मानतात, ती लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध सभा सुरू झाली एप्रिल १९०६ मध्ये. केडगावची लाट तिच्या आधीची. अन्य भाषा बोलण्याचे, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलू लागण्याचे, अनुभव मुक्तीत १९०६ च्या अखेरीस आले. रमाबाईंनी ते नाकारले नाहीत, पण आत्म्याच्या बाप्तिस्म्याची ती एकमेव खूण आहे असंही मानलं नाही. गोंगाटाबद्दल काही मिशनऱ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा त्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. भारतीय माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे देवाला हाक मारील, पाश्चात्त्य संयमाचं माप त्याला लावू नये, हे त्यांनी ‘मुक्ती प्रेअर बेल’मध्ये स्पष्ट लिहिलं. मला रमाबाईंच्या साऱ्या आयुष्यातली ही एक फार मोठी कृती वाटते. शास्त्राच्या जोरावर पंडितांच्या सभा जिंकलेली ही बाई निरक्षर पोरींच्या हुंदक्यांना उपासनेचा दर्जा देत होती.

त्यांनी पंथ मात्र काढला नाही. मुलींच्या टोळ्या केल्या, गावोगाव पाठवल्या, छापखाना चालवला, मराठी बायबलच्या भाषांतरात शेवटची वर्षं घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, कन्या मनोरमाबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मुक्ती मिशनने पेन्टेकॉस्टल शिक्का लावून घेतला नाही. म्हणून चिलीत ज्या बीजाचं झाड झालं, त्याची मराठी मुलखात स्वतःची मंडळी उभी राहिली नाही. पुढच्या काळात मुंबईत पेन्टेकॉस्टल उपासना रुजली ती मल्याळी आणि तमिळ कुटुंबांबरोबर, इंग्रजी सभांबरोबर, परदेशी मिशनऱ्यांबरोबर. मराठी माणसाला ती परकी वाटली यात नवल नाही. केडगावची चिठ्ठी आपल्याकडे परत आली ती दुसऱ्यांच्या हस्ताक्षरात.

या परतीच्या प्रवासातली सर्वांत परिणामकारक संस्था न्यू लाइफ फेलोशिप. १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या मिशनऱ्यांनी मुंबईत ती सुरू केली. तिच्या वाढीचं गमक घराघरांतल्या मंडळ्यांत आहे. रविवारी भाड्याच्या सभागृहात एकत्र उपासना, आणि आठवडाभर खोल्याखोल्यांतून छोटे गट. गट मोठा झाला की त्याचे दोन करायचे. गटाला पुढारी, काही गटांवर एक पाळक, पाळकांवर वडीलजन. मुंबईत चर्चसाठी जागा घ्यायची म्हणजे काय किंमत मोजावी लागते, हे दादर-परळच्या माणसाला सांगायला नको. गिरगावचं अंबरोली चर्च किंवा भायखळ्याचं ह्यूम मेमोरियल उभं राहिलं ते मिशनच्या जमिनीवर, वेगळ्या काळात. या नव्या मंडळ्यांनी जमिनीचा प्रश्नच काढून टाकला. माणूस जिथे राहतो तिथेच चर्च भरू लागलं. खोली रिकामी करून कुटुंब विरार-अंबरनाथला गेलं, तर तिथल्या खोलीत नवा गट.

परळच्या एका चाळीतली अशी प्रार्थना मी पाहिली आहे. गुरुवार संध्याकाळ. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला. चपला बाहेर गॅलरीत. चटईवर अठरा-वीस माणसं, त्यांत पुरुष चार-पाच. एका मुलीच्या हातात खंजिरी. गाण्याचे शब्द मोबाइलवर. मग ‘साक्ष’ सुरू झाली. रुग्णालयात साफसफाईचं काम करणारी एक बाई उभी राहिली. नवऱ्याची दारू, मुलाची सुटलेली शाळा, सोनाराकडे पडलेल्या बांगड्या, सगळं तिने क्रमाने सांगितलं. प्रभूने काय केलं तेही सांगितलं. मधेच तिचा गळा दाटला, ती थांबली. कुणी वाक्य पुरं करून दिलं नाही. सगळे थांबले. शेवटी घरमालकीण, जिला तिथे सगळे ताई म्हणत होते, तिने एका वहीत नावं लिहून घेतली: कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी, कुणाची परीक्षा. दोघींनी दुसऱ्या दिवशी केईएममध्ये एका आजारी बाईला डबा न्यायचं ठरवलं आणि पाळी लावून घेतली.

ही वही हाच त्या मंडळीचा खरा कारभार, असं माझं ठाम मत आहे.

गिरणगावाला संघटना नवी नाही. ग्रामस्थ मंडळं, भजनी मंडळं, युनियन, शाखा, १९३४ पासूनचा लालबागचा राजा. माणसं जोडण्याची कला या भागाला जन्मजात येते. जानेवारी १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून विझल्या, तेव्हा यातल्या कितीतरी जागा पोरक्या झाल्या. पण भरभराटीच्या दिवसांतही या संघटनांचे पदाधिकारी बहुतेक पुरुषच होते. बायांनी चहा करायचा, हळदीकुंकवाला यायचं, मोर्चात घोषणा द्यायच्या. घरच्या प्रार्थनासभेने नकळत एक मोठा बदल केला. सभा भरते ती स्वयंपाक होतो त्या खोलीत. तिथे बाईच यजमान, बाईच वेळ ठरवणारी, बाईच आल्या-गेल्याची दखल घेणारी. पुढारीपण तिच्याकडे कुणी दिलं नाही, जागेमुळेच ते तिच्याकडे गेलं. पेन्टेकॉस्टल मंडळ्यांच्या वाढीचं कारण अनेक जण पैशात शोधतात, काही जण चमत्कारांत. मला ते या खोलीत दिसतं. जिचं म्हणणं कुणी दहा मिनिटं सलग ऐकलं नव्हतं, तिला इथे उभं राहून बोलता आलं. केडगावात १९०५ मध्ये झालं ते हेच.

या वाढीत दुखऱ्या जागाही आहेत. प्रार्थनेने बरं झाल्याची साक्ष देणं वेगळं आणि कुणाची औषधं बंद करायला लावणं वेगळं. मधुमेहाच्या, क्षयाच्या, मनोविकाराच्या रुग्णाला गोळ्या सोडायला सांगणारा पाळक गुन्हा करतो. मंडळीने त्याला तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे. कायद्याची वाट पाहू नये. दुसरी गोष्ट कागदांची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची सवलत जाते. शिखांना ती १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाली, ख्रिस्त्यांना नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं प्रार्थनेला येणारे, पण कोणत्याही नोंदवहीत नसलेले ‘विश्वासी’ या शहरात आहेत. जुन्या चर्चमध्ये सभासद म्हणजे रजिस्टरमधलं नाव. घरच्या गटात जो गुरुवारी चटईवर बसतो तो सभासद. ही सैल बांधणी अनेकांसाठी सोय आहे. पण ज्याचं नाव कुठेच नाही, त्याला मतही कुठेच नाही.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. गट वाढतात, रविवारचं सभागृह मोठं होतं, ध्वनियंत्रणा येते, ट्रस्टची नोंदणी होते, दशांश बँकेत जमा होऊ लागतो. हे सगळं व्हायलाच हवं. बेहिशेबी भक्तीचा मी पुरस्कर्ता नाही. रमाबाईंची बांधणी पंथाविना होती, तिची किंमतही मराठी मंडळीने मोजली आहे. पण शहरातल्या अनेक स्वतंत्र मंडळ्यांत दिसतं ते असं की, बांधणी पक्की होताना निर्णय खोलीतून उठून कचेरीत जातात. व्यासपीठावर खुर्ची येते, खुर्चीवर पाळक, त्याच्या शेजारी त्याची पत्नी ‘पास्टर अम्मा’ म्हणून, आणि काही वर्षांनी त्याच खुर्चीवर त्यांचा मुलगा. वहीवाली ताई खाली चटईवरच राहते. गट तिने वाढवलेला असतो, आजाऱ्याजवळ रात्री ती बसलेली असते. पण प्रभुभोजन देण्याचा, बाप्तिस्मा देण्याचा, पैशाच्या चेकवर सही करण्याचा प्रश्न आला की तिला बायबलमधली निवडक वचनं वाचून दाखवली जातात. साक्षीची वेळही आकसते. प्रवचन तासाभराचं, साक्ष दोन मिनिटांची, तीही आधी तपासून घेतलेली.

पेन्टेकॉस्टल परंपरेच्याच इतिहासात याला उत्तर आहे. मिनी अॅब्रम्स १९१० मध्ये अमेरिकेहून भारतात परतल्या त्या अविवाहित स्त्रियांचं एक पथक घेऊन. बेझालेल इव्हँजेलिस्टिक मिशन हे त्यांच्या संस्थेचं नाव. संस्था बायांनी चालवलेली, काम आजच्या उत्तर प्रदेशात, उस्का बाजार परिसरात. १९१२ मध्ये अॅब्रम्स वारल्या. ती संस्था फार टिकली नाही, पण बाई मंडळी चालवू शकते की नाही हा प्रश्न या परंपरेने शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढला होता. तो आज पुन्हा उकरून काढणाऱ्यांनी आपलं मूळ विसरल्याचं कबूल करावं.

मुंबईतल्या या मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलजनांना माझं सांगणं थेट आहे. तुमच्या ट्रस्टच्या नोंदी वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आहेत. विश्वस्त बदलला की तिथे बदल अर्ज द्यावा लागतो. पुढचा अर्ज भराल तेव्हा गट चालवणाऱ्या बायांपैकी निम्म्यांची तरी नावं त्यात घाला. पाळकांच्या सुना-मुलींची नव्हे, परळच्या, लालबागच्या, नायगावच्या खोल्या ज्या उघड्या ठेवतात त्यांची. वर्षाचा हिशेब रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचा, दशांश कुठे गेला ते गटागटाने सांगा. पाळकाचा वारस ठरवण्याआधी गटांना विचारा. आणि ज्या बाईने तुमच्या मंडळीला पन्नास माणसं दिली, तिला प्रभुभोजनाची भाकर मोडू द्या.