सात गुणांची कृपा

१८५७ साली कलकत्ता विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवणे हे त्याचे काम नव्हते. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. पुढच्याच वर्षी बी.ए.ची पहिली परीक्षा झाली. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि यदुनाथ बसू हे दोघे सहापैकी पाच विषयांत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाले. सहाव्यात मात्र काही गुणांनी, फार तर सात गुणांनी, मागे राहिले. विद्यापीठाने कृपा म्हणून त्यांना पदवी दिली आणि ही सवलत पुढे पायंडा मानू नये, असेही बजावले.

या निर्णयात परीक्षापद्धतीचा सारा नैतिक पेच सामावलेला आहे. नियम सर्वांना सारखा असावा ही न्यायाची पहिली अट होय. ती बाजूला ठेवावी लागली, तर उणे कोण होते, उमेदवार की मोजमाप? कृपेला हा प्रश्न पडत नाही. ती नियमाला धक्का न लावता माणसाला तारते. म्हणूनच ती उदार असूनही सुधारणेची वाट अडवते.

मोजमापाचीच परीक्षा करण्याचा मोठा प्रयत्न १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाने केला. आशुतोष मुखर्जी त्याचे एक सदस्य होते. परीक्षेने अध्यापनाला ग्रासले असल्याचे सांगून, इंटरमीजिएटपर्यंतचे शिक्षण विद्यापीठापासून वेगळे काढून स्वतंत्र मंडळाकडे सोपवावे, असे आयोगाने १९१९ साली सुचवले. पश्चिम बंगालचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात यायला मात्र १९५१ साल उजाडावे लागले.

मग परीक्षाच नको, असे म्हणावे काय? शाळा अर्धवट सोडलेल्या रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडांखाली विद्यालय भरवले. परंतु रवींद्रनाथांच्या पाठीशी जोडासाँकोचा वाडा होता. ज्यांच्या पाठीशी घराण्याचे नाव नसते, त्यांना कागदाचा आधार लागतो. १८७८ साली कादंबिनी बसू प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १८८३ साली त्या आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. स्त्रीची बुद्धी आधीच नापास ठरवून बसलेल्या समाजाला त्या गुणांनी निरुत्तर केले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हाही तो केवळ एका विद्यार्थ्याचा निकाल नव्हता. तोंड पाहून न्याय करणाऱ्या जगात, तोंड न पाहता केलेली तपासणी हीसुद्धा एक मुक्ती असते.

तेव्हा तराजू मोडून भागणार नाही. तो एकदाच आणि अखेरचा असावा का, एवढाच प्रश्न उरतो. १८५८ साली दोघांकडे लक्ष जाऊ शकले, कारण उमेदवार मोजके होते. लाखोंच्या गर्दीत सात गुणांनी मागे राहिलेल्याकडे पाहायला कोणी नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मंडळाची परीक्षा वर्षातून दोनदा देता यावी असे सुचवले, त्याचे नैतिक मोल येथे आहे: जे पूर्वी कृपेने मिळत होते ते हक्काने मिळावे.

मात्र दोन परीक्षांच्या मधल्या काळात शिकवणारे कोणी नसेल, तर दुसरी संधी हे दुसऱ्यांदा नापास होण्याचे निमंत्रणच ठरेल. न शिकवता परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा तो जुना दोष नव्या वेळापत्रकातही तसाच शिल्लक राहील.