लक, दैव आणि सोडत

दैव, भाग्य, नशीब, प्रारब्ध, योग, नियती असे एकाहून एक मुरलेले शब्द हाताशी असताना मराठी माणसाने इंग्रजीतला ‘लक’ हा शब्द का उचलला, हा प्रश्न वरवर भाषेचा वाटला तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. परीक्षेला निघालेल्या मुलाला घरातली आजीसुद्धा आता ‘बेस्ट ऑफ लक’ म्हणते, आणि कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमध्ये, जिथे वसाहतच म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाने वसवलेली असल्यामुळे घरांच्या सोडतीतल्या कोणाच्या तरी अर्जाचा विषय घरोघरी निघत असतो, तिथे ‘नंबर लागला, लक होतं’ एवढ्या चार शब्दांत आयुष्यभराच्या निवाऱ्याची कहाणी सांगून संपते. त्या जागी ‘प्रारब्ध होतं’ असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर ऐकणाऱ्याला कसली तरी दुःखद वार्ता आली असे वाटेल.

इंग्रजीत या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एक निराळे जगदर्शन आहे. ‘फॉर्च्यून’च्या मागे फॉर्तूना ही रोमन देवता उभी आहे, ‘फेट’ म्हणजे मुळात जे उच्चारले गेले ते, अर्थात कोणीतरी उच्चारलेले, ‘चान्स’ हा ‘पडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला असून त्यात फासा पडण्याची चाहूल आहे. ‘लक’ हा शब्द मात्र पंधराव्या शतकाच्या सुमारास डच किंवा उत्तर जर्मन बोलींतून, बहुधा जुगाराच्या निमित्ताने, इंग्रजीत शिरला असे मानतात. त्याच्यामागे देवता नाही, उच्चारणारा नाही, पूर्वजन्मही नाही. मराठीला हा हलकेपणाच हवा होता असे दिसते.

कारण मराठीतले जुने शब्द हलके नाहीत. संस्कृतातला ‘भाग्य’ हा शब्द ‘भाग’ म्हणजे वाटा याच्याशी जोडलेला आहे, आणि योगायोग असा की अरबीतून आलेल्या ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थही वाट्याला आलेला हिस्सा असाच आहे. हिस्सा म्हटला की हिस्से करणारा आला. ‘दैव’ म्हणजे देवांकडून आलेले. ‘प्रारब्ध’ ही वेदान्ताची संज्ञा: अनेक जन्मांत साठलेले कर्म ते संचित, त्यातले ज्याचे फळ या देहात भोगायला सुरुवात झाली ते प्रारब्ध, आणि सध्या हातून घडत असलेले ते क्रियमाण. इथे वाटा देणारा दुसरा कोणी नसून भोगणाऱ्यानेच तो पूर्वी मिळवलेला असतो. लोकधर्मात हेच काम सटवाई करते. बाळाच्या पाचवीला पूजेत कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल आहे ती तिने रात्री येऊन कपाळावर लेख लिहावा म्हणून. देव, कर्म किंवा सटवाई, कोणीही असो, घडलेल्या गोष्टीला कर्ता आहे आणि म्हणून तिला अर्थही आहे, हे या सर्व शब्दांचे समान गृहीतक होय.

या गृहीतकाचा सर्वांत स्पष्ट आविष्कार कोकणातल्या कौलात दिसतो. ग्रामदेवतेच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर फुलांच्या कळ्या अथवा पाकळ्या पाण्याने चिकटवतात, गुरव गाऱ्हाणे घालतो आणि सगळे श्वास रोखून पाहत राहतात. उजवीकडची पाकळी पडली तर उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार, आणि डावीकडची पडली तर नकार. पाकळीचे पडणे हे भौतिकदृष्ट्या फासा पडण्याहून वेगळे नाही, परंतु जमलेल्यांच्या दृष्टीने ते उत्तर आहे. आता याच्या शेजारी सोडत ठेवून पाहावी. महानगरपालिकेच्या प्रभागांचे आरक्षण ठरवताना चिठ्ठ्या काढण्यासाठी शाळकरी मुलांना व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत आहे, आणि त्यामागचा हेतू असा की त्या हाताला कशातही स्वारस्य नसावे. कौलात पाकळी कोणाच्या तरी इच्छेने पडली पाहिजे. सोडतीत चिठ्ठी कोणाच्याही इच्छेने निघता कामा नये. म्हाडाने तर ते काम संगणकाकडे सोपवून मुलाचा हातही काढून घेतला आहे. अशा यंत्रातून बाहेर आलेल्या निकालाला ‘दैव’ म्हणणे म्हणजे जिथे मुद्दाम कोणाला ठेवलेले नाही तिथे कोणीतरी आहे असे म्हणणे होय, आणि ‘लक’ या शब्दाची सोय नेमकी इथे होते.

ही सोय नैतिकदृष्ट्या क्षुल्लक नाही. नशिबाला कर्ता आणि कारण दिले की ते माणसाला चिकटते: तो करंटा ठरतो, ती पांढऱ्या पायाची ठरते, आणि घरात घडलेल्या अपघाताचा दोष नव्या सुनेच्या पावलांवर टाकला जातो. ‘बॅड लक’ म्हटल्याने निदान तत्त्वतः तरी कोणाचे कपाळ तपासावे लागत नाही. अर्थात मराठीने हा शब्दही जसाच्या तसा राहू दिलेला नाही. ‘हा शर्ट लकी आहे’, ‘मुलगी झाली ती आम्हाला लकी ठरली’ अशा वाक्यांत ‘लक’ पुन्हा वस्तूचा आणि व्यक्तीचा गुण होऊन बसते. सोडतीत नाव निघालेल्याला ‘विजेता’ आणि ‘यशस्वी अर्जदार’ म्हणण्याची सरकारी रीतही याच जातीची आहे. अर्ज भरणे आणि अनामत रक्कम जमा करणे यापलीकडे त्यात पराक्रम कोणता, हे सांगणे कठीण आहे.

दैव किती आणि प्रयत्न किती, हा प्रश्न परंपरेनेही एका बाजूने सोडवून टाकलेला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. दैवाला स्थान आहे, पण पाचांत एक. योगवासिष्ठाचा सूर याहून तिखट असून दैव म्हणजे पूर्वीच्या पौरुषाचेच दुसरे नाव, असे त्यात बजावले आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात पुरुषार्थाला शेत आणि दैवाला बी म्हटले आहे. चारकोपच्या बाबतीत ही जोडी उलटी झाली. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात येथे तयार घरे न देता लहान भूखंड आणि पाणी, मलनिःसारण, रस्ते अशा मूलभूत सोयी देण्यात आल्या, आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे होते. शेत वाट्याला आले. बी माणसांनी आपले टाकले. एकखणी बांधकामावर मजले चढत गेले, त्यात लक किती आणि कष्ट किती याचा हिशेब कोणत्याही रहिवाशाला विचारला तर तो दोन्हींची नावे घेईल, आणि त्यात तो गीतेच्या अधिक जवळ असेल.

तरीही ‘लक’ या शब्दाच्या निष्पापपणावर फार विसंबणे बरे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर घेतलेला मुख्य आक्षेप असा की गरीब आणि हीन मानलेल्या माणसांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू दिसत नाही. हा आक्षेप प्रारब्धावर लागू पडतो तसा थोड्या फरकाने लकवरही लागू पडतो. प्रारब्ध म्हणते की चूक तुझीच. लक म्हणते की चूक कोणाचीच नाही. ऑगस्ट 2023 मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाची सोडत निघाली तेव्हा 4082 घरांसाठी 1 लाख 20 हजारांच्या आसपास अर्ज रिंगणात होते, म्हणजे सरासरीने एका घरामागे सुमारे 29. त्या 29 जणांत घर कोणाला मिळाले, याचे उत्तर ‘लक’ हे खरोखर पुरेसे आणि प्रामाणिक आहे, कारण तिथे दुसरे कोणतेही कारण नसावे अशीच व्यवस्था केलेली होती. घरे 4082 च का होती, या प्रश्नाचे उत्तर मात्र जमिनीचा वापर, चटईक्षेत्राचे नियम, बांधकामाचा खर्च आणि सरकारचा प्राधान्यक्रम यांत शोधावे लागते. तो आकडा कोणत्याही सोडतीत निघालेला नव्हता.