कल्हई की मुलामा?

गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातील एका वृद्ध वारकरीबुवांचे पत्र आले. बुवांनी उभ्या जन्मात वारी चुकवली नाही. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत इंजिनियर आहेत, आणि बुवा यंदा तीन महिने त्यांच्याकडे राहून आले. ते लिहितात :

"घरी सगळे चांगले आहे. सूनबाई देवापुढे दिवा लावते, नातवंडे हरिपाठ म्हणतात. पण एक गोष्ट मनाला टोचली. मुलाला गोल्फ नावाच्या खेळाचा नाद आहे. त्याच्या लोखंडी काठ्या आहेत. खेळून आला की जेवणाआधी तो त्या कोमट पाण्याने धुतो, ब्रशाने घासतो, मऊ फडक्याने पुसतो आणि तेलाचा हात लावतो. नाही लावला तर गंजतात म्हणे. दुसरा एक संच त्याने मुद्दाम सांगून काळ्या रंगात करवून घेतला आहे. त्यावर स्वतःच्या नावाची अक्षरेसुद्धा आहेत. तो संच कपाटात गवसणीत असतो. ओरखडा पडेल म्हणून त्याने खेळत नाही. महिन्यातून एकदा काढतो, बघतो, पुसतो आणि ठेवून देतो. एवढी सेवा देवाची केली असती तर? याला जपणूक म्हणावी की मोह? आम्ही बोलावे की गप्प बसावे?"

पत्र वाचून आधी हसू आले. विचार करू लागलो तसे ते मावळले. बुवांचा प्रश्न गोल्फपुरता नाही. आपल्या संप्रदायाने कोणाला घरदार सोडायला सांगितले नाही. प्रपंचात राहायचे म्हणजे वस्तू आल्या, आणि वस्तू आल्या की त्या बाळगाव्या कशा व जपाव्या कुठवर, हा प्रश्न आलाच. तो बुवांच्या मुलाला आहे, बुवांना आहे, आणि आम्हालाही आहे.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. न पाहता नावे ठेवणे हे काही बरे नव्हे.

गोल्फ हा खेळ स्कॉटलंडात वाढला. लांबच लांब हिरवळीवर लहानसा चेंडू काठीने मारीत न्यायचा आणि शेवटी जमिनीतल्या भोकात घालायचा. टोले जितके कमी तितका खेळ चांगला. अंतर बदलले की काठीही बदलते. यांतल्या लोखंडी पात्याच्या काठ्यांना 'आयर्न' म्हणतात. उत्तम आयर्नचे पाते मऊ पोलाद तापवून, घणाखाली ठोकून घडवतात. जपानात हिमेजी शहराजवळचे इचिकावा गाव या कामासाठी नावाजलेले आहे. ज्याने गावच्या लोहाराचा भाता आणि ऐरण पाहिली आहे त्याला हे काम परके वाटणार नाही. पात्याच्या तोंडावर बारीक आडव्या खाचा असतात. चेंडू आणि पाते यांच्यामध्ये सापडलेले पाणी आणि गवत या खाचांत सरते, म्हणून चेंडूला फिरकी बसते. खाचा मातीने बुजल्या की फिरकी नीट बसत नाही. म्हणजे ब्रशाने खाचा घासणे हा नुसता लाड नाही. ते खेळाचेच अंग आहे.

आता राहिले पात्याचे रूप. मऊ पोलादाला हवा-पाणी लागले की गंज चढतो. म्हणून बहुतेक पात्यांवर निकेलचा आणि त्यावर क्रोमचा थर देतात. हा थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. काही खेळाडूंना तोही नको असतो. उघडे पोलाद उन्हात डोळ्यांवर चमकत नाही, म्हणून त्यांना ते आवडते. पण असे पाते घेताना मालक मनातल्या मनात एक वचन देत असतो : मी तुला कोरडे ठेवीन, तेलाचा हात चुकवणार नाही. वचन मोडले की लगेच तांबूस डाग बोलू लागतो. तिसरा प्रकार हौसेचा. कोणी काळा थर चढवून घेतो, कोणी तांब्याचा. कोणी पात्याच्या पाठीवर अक्षरे ठोकून त्यांत रंग भरून घेतो. काळा थर देखणा खरा, पण चेंडू जिथे बसतो आणि जमीन जिथे घासते तिथेच तो आधी जातो. बुवांच्या वर्णनावरून मुलाचा पहिला संच उघड्या पोलादाचा आणि दुसरा हौसेचा दिसतो.

या दोन संचांत बुवांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या आया-आज्यांना कल्हई ठाऊक होती. पितळेच्या पातेल्यात ताक कळकते, म्हणून आतून कथलाची कल्हई करायची. पातेले चुलीवर चढायचे, राखेने घासले जायचे, वर्षभरात कल्हई जायची. मग दारावर कल्हईवाला आला की पुन्हा करून घ्यायची. कल्हई गेली म्हणून कोणी रडले नाही. आणि कल्हई टिकावी म्हणून पातेले चुलीवर चढवायचे नाही, असे तर कोणी वेड्यानेही म्हटले नाही. मुलाम्याचे तसे नाही. पितळी दागिन्यावर सोन्याचा मुलामा दिला की घामाची भीती, पाण्याची भीती; घालावा तर मुलामा जातो, न घालावा तर दागिना कशाला? कल्हई वापरासाठी असते. मुलाम्यासाठी वापरच थांबतो.

म्हणून कोणत्याही जपणुकीला एकच प्रश्न विचारावा : बाई, तू कल्हई की मुलामा?

मुलाचा पहिला संच या कसोटीला उतरतो. तो धुतो, कारण उद्या खेळायचे आहे. तेल लावतो, कारण वचन दिले आहे. त्या पात्यांवर दगडाचे ओरखडे असतील, चेंडू बसून बसून एक जागा गुळगुळीत झाली असेल. त्याची त्याला लाज नसावी. या खेळाच्या नियमातही एक मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथील संस्था आणि अमेरिकेतील संस्था मिळून जगभराचे नियम ठरवतात. ते नियम म्हणतात की, जी काठी नियमात बसणारी होती ती नेहमीच्या वापराने झिजली तरी नियमातच राहते. खेळ चालू असता मुद्दाम तिचा गुण पालटून ती वापरली, तर मात्र दोष. म्हणजे झीज हा दोष नाही, हे खेळणाऱ्यांनीसुद्धा मान्य केले आहे! गंज दुर्लक्षाने येतो, झीज कामाने येते. दोन्हींत लोखंड कमीच होते, पण एकात ते वाया जाते आणि दुसऱ्यात कारणी लागते.

दुसरा संच मात्र या कसोटीला टिकत नाही. तो सुंदर आहे म्हणून नव्हे. सौंदर्याशी आपले वैर नाही. आपण आपल्या विठोबाला तुळशीहार घालतो, पीतांबर नेसवतो, चंदनाची उटी लावतो. दोष आहे तो भीतीत. चेंडू मारण्यासाठी घडवलेली वस्तू चेंडूपासूनच लपवायची, मग ती वस्तू राहिली कुठे? नाव पात्यावर मुलाचे ठोकले आहे. पण कपाटापाशी उभा राहून 'ओरखडा तर नाही ना' म्हणून निरखणारा कोण, आणि निरखून घेणारे कोण? मालक कोण आणि चाकर कोण? अक्षरे चुकीच्या अंगावर ठोकली गेली म्हणायची.

कोणी म्हणेल, त्याचा पैसा, त्याचे कपाट. तुमचे काय जाते? आमचे जात नाही, पण कोणाचे तरी जाते. क्रोमचा थर देण्याच्या हौदातून बारीक तुषार उडतात. त्यांत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असते. ते श्वासावाटे जाऊन कामगाराच्या नाकात व्रण पडतात, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच अनेक देशांत या कामावर कडक नियम आहेत. प्रत्येक चकाकीमागे रोगच असतो असे नव्हे. पण प्रत्येक चकाकीमागे कोणाचे तरी हात आणि कोणाचा तरी श्वास असतो, हे खरे. ज्या पात्याने वीस वर्षे काम दिले त्याने त्या हातांचे ऋण थोडेतरी फेडले. जे कपाटात पडून राहिले त्याने काय फेडले?

आणखी एक मौज सांगतो. एके काळी काही खेळाडू विसाहून अधिक काठ्या घेऊन मैदानावर येऊ लागले. तेव्हा अमेरिकेतील संस्थेने १९३८ साली आणि सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने १९३९ साली नियम केला : चौदाहून अधिक काठ्या नेता येणार नाहीत. खेळाला मर्यादा घालावी लागली ती परिग्रहाची! मात्र हा नियम मैदानापुरता. कपाटासाठी नियम प्रत्येकाने स्वतःच करायचा असतो.

आता बुवांच्या मनातली खरी बोच. एवढी सेवा देवाची केली असती तर? बुवा, रागावू नका. जो हात लोखंड कोरडे करून, तेल लावून, जागच्या जागी ठेवतो, त्या हाताला सेवा म्हणजे काय ते थोडे कळले आहे. दिलेले वचन रोज पाळणे, कोणी पाहत नसताना पाळणे, हे सोपे नाही. पण तुमचेही खरे आहे. लोखंडाची सेवा लोखंडापाशी संपते. तीच भक्ती, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, सेना महाराजांनी वस्तरा सोडला नाही. त्यांचे हात कामात होते आणि मुखी नाम होते. मुलाच्या हातातले फडके काढून माळ देऊ नका. फडके फिरत असताना मुखात नाम कसे येईल ते पाहा. तुम्ही शेजारी बसून पुसू लागलात आणि हळूच नाम घेऊ लागलात, तर तो नको म्हणेल असे वाटत नाही.

इतके लिहून झाले आणि आम्ही थबकलो. आमच्या घरी वडिलांच्या वेळची ज्ञानेश्वरीची पोथी आहे, रेशमी बासनात बांधलेली. दसऱ्याला तिला गंधफूल वाहतो, वरून हात फिरवतो आणि ठेवतो. जुनी आहे, पाने फाटतील, म्हणून कोणाला हात लावू देत नाही. शेवटची केव्हा सोडली होती ते आठवेना. लेखणी ठेवली आणि बासन सोडले. पानांना कसर लागली होती! वर रेशीम तसेच्या तसे, आत अध्यायांना भोके. बुवांच्या मुलाच्या पात्यांना निदान तेल तरी मिळते. आमच्या घरी तर मुलाम्याच्या आत गंज निघाला. वापरातून वाचवलेली वस्तू वाचत नाही, हे लोखंडाने शिकवायच्या आधी पोथीने शिकवायला हवे होते.

आणि खरे तर विठोबाने हे आपल्याला केव्हाच शिकवले आहे. पंढरीत आपण नुसते तोंड पाहून परतत नाही. पायांना हात लावतो, माथा टेकतो. कोट्यवधी हात त्या पायांवरून फिरले. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर, ज्यांना शतकानुशतके उंबऱ्याबाहेर उभे केले होते तेही हात त्या पायांपर्यंत पोहोचले. या सगळ्या हातांनी देवाचे पाय झिजले. झीज थांबावी म्हणून मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप देतात. २०२० च्या जून महिन्यातही तो दिला गेला. आता विचार करा. मूर्ती अगदी जशीच्या तशी ठेवायची असती तर एक सोपा उपाय होता : देव काचेआड ठेवायचा आणि हात बंद करायचे. एक ओरखडा पडला नसता. पण मग त्याला पंढरीचा विठोबा कोण म्हणाले असते? वज्रलेप देतात तो हात थांबावेत म्हणून नव्हे, हात चालू राहावेत म्हणून. तो मुलामा नव्हे, कल्हई आहे.

ज्या देवाने आपल्या भक्तांसाठी स्वतःचे पाय झिजू दिले, त्याच्या वारकऱ्याने ओरखड्याला काय भ्यावे?

तेव्हा बुवा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. पहिल्या संचाला जपणूक म्हणा आणि मुलाला त्याबद्दल शाबासकी द्या. दुसऱ्याला मोह म्हणा, पण रागाने म्हणू नका. त्याला एवढेच लिहा : काळ्या काठ्या बाहेर काढ, त्यांनी खेळ, पडू देत ओरखडे, नाहीतर खेळायची आस आहे पण ऐपत नाही असा एखादा मुलगा शोध आणि त्याच्या हाती दे. मात्र हे लिहिण्यापूर्वी आपल्या घरातली बासने एकदा सोडून पाहा. आम्ही आमचे सोडले आहे. पाने उन्हाला दिली, आणि काल रात्रीपासून त्याच पोथीतून वाचायला लागलो. एक पान कोपऱ्यात थोडे फाटले. फाटू दे.

रामकृष्णहरी!