गणेशखिंड ते हिंजवडी

पुण्यात गणेशखिंडीतल्या आयुका किंवा एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांच्या फाटकातून निघालं, की आयटी कंपन्यांची हिंजवडी फार लांब नाही. पीएचडी किंवा पोस्ट-डॉक संपवून कंपनीत जाऊ पाहणाऱ्या संशोधकाला मात्र हे अंतर कापणं जड जातं. तिशी उलटलेली असते, प्राध्यापकीचा भरवसा नसतो, घरचे ‘आता नोकरीचं काय ते बघ’ म्हणून मागे लागलेले असतात. मग प्रोग्रॅमिंगला धार लावायची म्हणून एखाद्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं जातं. सर्टिफिकेटं जमतात, लिंक्डइनवर चढतात. आणि मुलाखतीत ‘तुम्ही केलेलं काही दाखवा’ म्हटलं, की पंचाईत होते.

माझ्या मते इथे मुळात रोगाचं निदानच चुकतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा डेटा ज्याने वर्षानुवर्षं चाळला, त्याला लूप आणि अ‍ॅरे नव्याने शिकवायची गरज नाही. भाषा जुनी असण्याचाही एवढा बाऊ नको. फोरट्रान १९५७ सालची म्हणून तिला हिणवतात. पण पायथनमध्ये नमपाय वापरून समीकरणं सोडवताना ज्या लॅपॅक या गणिती लायब्ररीच्या पद्धती कामाला येतात, ती लॅपॅक मूळ फोरट्रानमध्येच लिहिलेली आहे.

उणीव असते ती वेगळ्याच सवयीची. संशोधनात कोड लिहिणारा, चालवणारा आणि तपासणारा बहुतेकदा एकच माणूस असतो. शोधनिबंधातला आलेख निघाला, की त्या प्रोग्रॅमचं काम संपतं. कंपनीत ते तिथून सुरू होतं. तुमचा कोड उद्या दुसरा कुणी बदलणार, परवा तिसरा दुरुस्त करणार, आणि तोवर तुम्ही कदाचित दुसऱ्या टीममध्ये गेलेले असणार.

म्हणून उजळणीसाठी सर्वांत चांगलं पाठ्यपुस्तक म्हणजे स्वतःचाच जुना कोड. प्रबंधाच्या वेळचं फोल्डर उघडून बघा. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-खरं’ अशा फायली दिसतील. डेटाचा पत्ता संस्थेतल्या जुन्या मशीनचा असेल. मधेच कुठेतरी ०.७३ हा आकडा बसलेला असेल. तो कुठून आला, याचा पत्ता नसेल. आता तो प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर चालवा. पायथन २ ची अधिकृत मुदत १ जानेवारी २०२० रोजी संपली. तुमचा कोड त्या काळातला असेल, तर बहुधा प्रिंटच्या ओळीपाशीच अडेल. अडला तर उत्तम, चूक निदान दिसते तरी. भागाकार मात्र अडत नाही. ७ या पूर्णांकाला २ ने भागलं तर पायथन २ सरळ ३ म्हणायचं, पायथन ३ म्हणतं ३.५. कुठेही तक्रार न होता आलेख निघतो, फक्त वेगळा निघतो.

कालपर्यंत बिनतक्रार चाललेला कोड नव्या जागी काय करू शकतो, हे ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेटने दाखवलं. त्याच्या सॉफ्टवेअरचा एक भाग एरियन ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता. नवं रॉकेट जास्त वेगवान. त्याच्या आडव्या वेगाशी निगडित आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झालं.

तेव्हा एकच जुना प्रोग्रॅम निवडा आणि तो गिटमध्ये घाला. लायनस टॉरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं हे साधन आज बहुतेक टीम गृहीत धरतात. डेटाचे पत्ते आणि स्थिरांक वेगळे काढा, लांबलचक कोडची छोटी फंक्शनं करा. मग चाचणी लिहा. समजा, पल्सारचा आवर्तकाल काढणारा प्रोग्रॅम आहे. त्याला ८९ मिलिसेकंदांचा कृत्रिम सिग्नल द्या आणि ८९ च येतात का ते पाहा. नंतर त्यात गोंगाट वाढवत न्या. शेवटी सगळं एखाद्या मित्राकडे सोपवा आणि तुम्हाला फोन न करता चालवायला सांगा. तो जिथे जिथे अडखळेल, तो तुमचा अभ्यासक्रम. एसक्यूएल आणि मुलाखतीतली डेटा स्ट्रक्चरची कोडी वेगळी करावी लागतातच, पण ती सरावाने जमतात.

आता एआय क्षणात कोड लिहून देतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. उलट त्यामुळेच तो हवा. लिहिणं स्वस्त झालं की तपासणं महाग होतं. आणि हाती आलेल्या उत्तरावर संशय घेणं, त्याची त्रुटी मोजणं हे तर संशोधकाचं रोजचं काम. मुलाखतीत हेच भांडवल पुढे करावं.

मात्र हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणं बरं नाही. मार्गदर्शकांनी प्रबंधासोबत दुसऱ्याच्या मशीनवर चालणारा कोड मागायला सुरुवात करावी. कंपनीत जाणाऱ्याच्या तो कामी येईल, आणि संस्थेत राहणाऱ्याचे निष्कर्ष निदान कुणाला पडताळून तरी पाहता येतील.