उतारशाळेच्या रक्षकाला किती मिळाले?

वाचनपाठ : लूक १०:२५-३७, नहेम्या १३:१०-१३



छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसे येत गेली आणि स्थिरावली. रायपूर शहरातील तात्यापारा ही अशीच एक जुनी वस्ती. तेथे आजही मराठी कानी पडते. तीत हिंदी व छत्तीसगढी मिसळलेली असते, पण गोडवा तोच. शारदा चौकाकडून तात्यापारा चौकाकडे येणारा रस्ता मोठा वाहता आणि अरुंद. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा वर्षानुवर्षे चालत राहिली. संध्याकाळच्या गर्दीत तेथे एखादी रुग्णवाहिका सापडली, म्हणजे तिचा भोंगा घराघरांत ऐकू येतो आणि बराच वेळ तो दूर जात नाही.

त्या वस्तीतील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी प्रार्थनासभेत वचन सांगण्याचा योग मला आला होता. विषय मीच निवडला होता : चांगला शोमरोनी. याजक आणि लेवी कसे बाजूने निघून गेले, शोमरोन्याला कसा कळवळा आला, त्याने तेल व द्राक्षारस ओतून जखमा कशा बांधल्या, हे सारे मी आजवर अनेकदा सांगितले आहे, तसेच सांगितले. सभा संपली, चहा आला. तेव्हा मागे दाराजवळ बसलेला एक तरुण पुढे आला. रुग्णवाहिकेवर तंत्रज्ञ म्हणून काम करणारा. रात्रपाळीला जायचे म्हणून गणवेशातच आला होता. तो म्हणाला, “साहेब, एक विचारू? उतारशाळेच्या रक्षकाला किती मिळाले?”

मी म्हटले, “दोन दीनार, बाळ. तसे लिहिलेच आहे.”

“म्हणजे आजचे किती?”

मला उत्तर देता आले नाही. त्याचा घरमालकाने निरोप घेतला, पादत्राणे चढवली आणि तो गेला. स्वतःच्या पगाराविषयी त्याने अवाक्षर काढले नव्हते. परंतु तीस वर्षे हा दृष्टांत सांगणाऱ्या मनुष्याला त्यातील एका पात्राकडे आपण कधी पाहिलेच नाही, हे त्या रात्री कळून आले.

प्रियजनहो, दोन दीनार म्हणजे किती, याचे उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी मजुरांशी दिवसाला एक दीनार ठरवितो. म्हणजे शोमरोन्याने रक्षकाच्या हाती दोन दिवसांची पुरी मजुरी ठेवली, आणि तीही आगाऊ. तेवढ्यावर तो थांबला नाही. अधिक खर्च झाला तर परत येताना तोही देईन, असे त्याने सांगितले. हे वाक्य आपण किती घाईने वाचून टाकतो! जखमी मनुष्य किती दिवसांत बरा होईल, हे कोणास ठाऊक नव्हते. रक्षकाला त्यात तोटा येण्याचा संभव होता. तो तोटा शोमरोन्याने स्वतःच्या शिरावर घेतला. “तूही धर्म म्हणून थोडे सोस, देव तुझे भले करील,” असे तो म्हणाला नाही. कळवळा त्याला आला होता. म्हणून खर्चही त्याचाच होता.

आणि हे पाहा. त्याच दहाव्या अध्यायाच्या आरंभी प्रभू सत्तर शिष्यांना पाठवितो, तेव्हा कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असे तोच सांगतो. शुभवर्तमान सांगणाऱ्यांसाठी हे वचन आपण आनंदाने उद्धृत करतो (पाळकवर्ग तर विशेष आनंदाने करतो, हे कबूल केले पाहिजे). पण त्याच पानावर जखमांवर पट्टी बांधणारे, रात्र जागणारे लोक आहेत, त्यांच्यापर्यंत ते वचन आपण नेत नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे : सेवा. हा शब्द मोठा पवित्र आहे. परंतु जो सेवा करतो त्याने तो उच्चारावा. जो पगार देतो त्याने उच्चारला, म्हणजे त्याचा अर्थ पालटतो.

आता आपण आपल्या काळाकडे येऊ. छत्तीसगडात १०८ क्रमांकाची ‘संजीवनी एक्सप्रेस’ जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली आणि गरोदर माता व बालकांसाठी १०२ क्रमांकाची ‘महतारी एक्सप्रेस’ २०१३ मध्ये. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी ९३७ रुग्णवाहिकांसह आरंभली. तेथे गाडीत डॉक्टरही असतो. या सेवांनी किती घरांतील दिवा विझू दिला नाही, हे ज्याच्या अंगणात ती गाडी रात्री दोन वाजता आली आहे, त्याला विचारावे. गाडीवर सामान्यतः दोघे असतात. एक वाहनचालक, त्याला ‘पायलट’ म्हणतात. दुसरा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे ‘ईएमटी’. प्राणवायूची नळी लावणारा, अपघातात मोडलेली मान स्थिर धरणारा, वाटेतच नाळ कापणारा हात तो. गाडीवर नाव शासनाचे, पण हे दोघे बहुधा शासनाचे नोकर नसतात. निविदा निघते, ठेका दिला जातो, आणि ठेकेदार त्यांना नेमतो. छत्तीसगडात १०८ चा ठेका २०१९ साली एका संस्थेकडून दुसरीकडे गेला. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी गाड्यांवरील नाव रंगविणे सोपे असते. जुन्या माणसाची सलग सेवा, त्याची वेतनवाढ, त्याचे उपदान पुढे चालू राहील की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजले जाईल, हा प्रश्न मात्र लोंबकळत राहतो.

पगार कमी का, याचे गूढ फार नाही. ठेका कमी बोलीला मिळतो. बोली कमी करायची तर कशात? डिझेल त्याच्या भावाने मिळते, टायर त्यांच्या भावाने, प्राणवायूचे नळकांडे त्याच्या भावाने. या कोणाला विनंती करून चालत नाही. उरतो माणूस. त्याला आठ तासांऐवजी बारा तासांची पाळी देता येते, कुशल कामाला खालच्या श्रेणीत बसविता येते, महिना उलटला तरी थांबविता येते. यात एखादा ठेकेदार दुष्ट असलाच पाहिजे असे नाही. सज्जन मनुष्यही अशा निविदेत उतरला, तर त्यालाही कात्री तेथेच लावावी लागते. म्हणून दोष शोधण्यासाठी आपण निविदेच्या कागदाकडे, आणि कागद काढणाऱ्याकडे, पाहिले पाहिजे. शेजाऱ्याकडून काम करून घेऊन त्याला वेतन न देणाऱ्याचा यिर्मयाने बाविसाव्या अध्यायात धिक्कार केला आहे. तो कोणा सावकाराला उद्देशून नाही. यहूदाच्या राजाला, यहोयाकीमाला उद्देशून आहे. त्याच्या घराला गंधसरूचे तक्ते होते. गवंड्याच्या घरी पीठ नव्हते.

२०१८ साली रायपुराने हा प्रश्न रस्त्यावर पाहिला. त्या वर्षी मे महिन्यात छत्तीसगडच्या शासकीय परिचारिकांनी वेतनश्रेणी वाढावी म्हणून संप केला. त्यांच्यावर अत्यावश्यक सेवा कायदा लागू झाला आणि जूनच्या आरंभी शेकडो परिचारिकांना अटक होऊन रायपूरच्या कारागृहात नेण्यात आले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात १०८ व १०२ चे कर्मचारीही ठेकापद्धतीविरुद्ध संपावर गेले. आपल्या मंडळ्यांत परिचारिकेचे घर शोधावे लागत नाही. मिशन रुग्णालयांच्या काळापासून आपल्या कितीतरी मुली पांढऱ्या गणवेशातच मोठ्या झाल्या. तरीही अशा वेळी आपण काय म्हणतो? “रुग्णांना वाऱ्यावर सोडून संप करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.” हा आक्षेप मी हलका मानीत नाही. गाडी न आल्याने कोणाचे मूल दगावले, तर त्या मातेपुढे कोणताही युक्तिवाद टिकणार नाही.

परंतु नहेम्याच्या तेराव्या अध्यायात काय घडले ते पाहा. तो यरुशलेमेस परतला तेव्हा मंदिर ओस पडले होते. लेव्यांना त्यांचा वाटा मिळत नव्हता, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. तीही अत्यावश्यक सेवाच होती. देवाच्या घराची होती. नहेम्याने लेव्यांना धारेवर धरले नाही. त्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला. मग लेव्यांना परत बोलावून त्यांच्या जागी उभे केले, लोकांचा दशमांश पुन्हा कोठारांत येऊ लागला, आणि वाटणीसाठी त्याने विश्वासू म्हणून नावाजलेली माणसे नेमली. मला या वृत्तांतात तेथे कोणी उपदेश केल्याचे दिसत नाही. कोठार, हिशेब आणि माणसे, एवढेच आहे.

आपणही कोठार आणि हिशेब यांविषयी बोलावे. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा आता तिने घेतली आहे. जादा तासांना निदान दुप्पट दर आणि मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत, ही तिची साधी बंधने आहेत. ठेकेदाराने पगार बुडविला तर मूळ नियोक्त्याने तो द्यावा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहे. म्हणजे “तो आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा,” हे उत्तर कायद्यापुढे पुरे पडत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञाला मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत घातले आहे. यादीत नाव आले, श्रेणीत यायचे आहे.

मग वाढ व्हावी कशी? माझ्या अल्पमतीप्रमाणे पहिली गोष्ट निविदेतच व्हावयास हवी : वेतनाची रक्कम बोलीच्या स्पर्धेबाहेर काढावी. शासनाने तिचा दर ठरवून द्यावा, तो वेगळ्या रकान्यात लिहावा, आणि स्पर्धा व्हायची ती उरलेल्या खर्चावर व्हावी. ठेकेदार बदलला तरी कर्मचारी व त्याची सेवेची वर्षे पुढे चालू राहावीत, ही अट तेथेच घालता येते. यासाठी विधानसभेतील प्रतिनिधीला पत्र लिहिणारे लोक हवेत, आणि पत्र लिहिण्यात आपली मंडळी मागे नाही. स्मशानभूमीच्या जागेसाठी आपण किती पत्रे लिहिली आहेत! शिवाय यात पैसा लागेल, तो करातून येईल, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. दोन दीनार कोणी काढले होते, ते आठवावे. कर्मचाऱ्यांची संघटना असेल, तर तिच्याकडे संशयाने पाहणे सोडावे. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी रोज येत राहिली आणि प्रभूने तिच्या चिकाटीचा दाखला प्रार्थनेसाठी दिला. आपण प्रार्थना घेतली आणि दार विसरलो.

इथवर सांगून मी थांबलो असतो, तर बरे झाले असते. परंतु तात्यापाऱ्यातील त्या प्रश्नाने मला घरी येऊनही सोडले नाही.

एका मिशन रुग्णालयाच्या समितीवर मी काही वर्षे आहे. रेव्ह. ऑस्कर लोर १८६८ साली छत्तीसगडात विश्रामपुरास आले, डॉ. वानलेस यांनी मिरजेचे रुग्णालय उभारले, अशा पूर्वजांची नावे आमच्या वार्षिक सभेत मोठ्या अभिमानाने घेतली जातात, मीच घेतो. त्या रुग्णालयाची एक रुग्णवाहिका आहे, आणि तिच्यावर एक चालक बरीच वर्षे आहे. त्याला किती मिळते, हे मला ठाऊक नव्हते. हिशेबाची वही मागवून ‘वेतन’ या शीर्षाखाली पाहिले. त्याचे नाव नव्हते. वाटले, नजरचूक झाली. लेखापालाने पान उलटून दाखविले : तो ‘वाहनखर्च’ या शीर्षाखाली होता. डिझेल, टायर, विमा, चालक. त्या पानावर सलग तीन वर्षे माझी सही आहे. त्याची श्रेणी ‘अकुशल’ लिहिली होती, आणि बारा तासांच्या पाळीतील चार तासांचा उल्लेख कोठेच नव्हता.

पुढच्या सभेत मी हे मांडले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “त्याने कधी तक्रार केली नाही.” दुसरे म्हणाले, “आपली संस्था सेवाभावी आहे.” कोषाध्यक्षांनी पैसे आणावे कोठून असे विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. दोन तास चर्चा झाली. शेवटी प्रवेशद्वाराच्या नव्या कमानीचे काम पुढे ढकलून चालकास कुशल श्रेणीचा दर व जादा तासांचे दुप्पट वेतन एप्रिलपासून देण्याचे ठरले. एका सभासदाने विरोध नोंदविला. चालकाला बोलावून सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने मागील वर्षांचे काय, असे विचारले. ते त्याने फार हळू विचारले.

मागील थकबाकीचा विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तिसरा आहे. तात्यापाऱ्यातील त्या तरुणाला मी पत्र पाठवून हे सर्व कळविले. त्यात रक्कम लिहावयाची राहिली, कारण ती अजून ठरलेली नाही.